कमानी आणि वायरिंग एकाच शेडखाली: खेड शिवापूरजवळच्या गॅरेजात जुन्या थारचं काम

मी वेल्हे भागात जनावरांची डॉक्टर आहे. खासगी प्रॅक्टिस. नसरापूरपासून आत केळदपर्यंत आणि पानशेतच्या मागे घोळपर्यंत, जिथून फोन येईल तिथे जावं लागतं. फोन येतो तो म्हैस अडली म्हणून, नाहीतर बैलाचं पोट फुगलं म्हणून. उद्या येते म्हणायची सोय नसते. डांबर संपल्यापासून धनगरवाड्यापर्यंतचा जो तुकडा असतो, त्यासाठी मी जुनी थार ठेवली आहे. २०१० साली बाजारात आली ती सीआरडीई, २४९८ सीसीचं डिझेल इंजिन, पुढे टॉर्शन बार, मागे कमानी, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकदार पोलादी पाट्यांची स्प्रिंग. २०२० च्या नव्या थारला मागेही कॉइल स्प्रिंग आल्या, त्यामुळे खाली कमानींबद्दल जे लिहिलंय ते नव्या गाडीला लागू नाही. वायरिंगबद्दलचं मात्र बोलेरोपासून जिप्सीपर्यंत कुणालाही उपयोगी पडेल.

ज्या गॅरेजबद्दल लिहितेय ते पुणे-सातारा रस्त्याच्या सर्व्हिस रोडला, खेड शिवापूरच्या जवळ आहे. पत्र्याची मोठी शेड, पाटी नाही. नाव आणि नंबर इंटरनेटवर टाकू नका असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, कारण काम करणारे दोघेच आहेत आणि हातात आहे तेवढंच काम त्यांना पुरतं. म्हणून मीही टाकत नाही. त्या पट्ट्यात कुठल्याही टेम्पोवाल्याला ‘कमानी आणि वायरिंग एकत्र करतात ते’ असं विचारा, तो बोट दाखवेल.

कमानींचं काम बघतात त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. वायरिंग बघतात ते काका; त्यांनी तरुणपणी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली होती. दोघं एकाच गाडीवर, एकमेकांना विचारून काम करतात. या गॅरेजची खरी किंमत यातच आहे. पुण्यात मी आजवर पाहिलं ते असं, की सस्पेन्शनवाला गाडी उचलून देतो आणि वायर ताणली गेली तर ‘इलेक्ट्रिशियनकडे जा’ म्हणतो, आणि इलेक्ट्रिशियन वायर अशा ठिकाणावरून नेतो की पहिल्याच खड्ड्यात पाटा तिच्यावर बसतो.

माझी गरज आधी सांगते, म्हणजे केलेलं काम समजेल. गाडीत मागे दोन गोष्टी कायम असतात. एक, कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचं, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्यांचं, नायट्रोजन कंटेनर. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. या भांड्यात आतलं भांडं बाहेरच्या भांड्यात घंटेसारखं फक्त गळ्यावर टांगलेलं असतं आणि मधे निर्वात पोकळी असते. सतत दणके बसले की गळ्याला चीर जाते, पोकळी गेली की नायट्रोजन पाहता पाहता उडून जातो, आणि त्याबरोबर सगळ्या कांड्या वाया. दोन, लशींचा बारा व्होल्टचा फ्रिज. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, सगळ्या लशी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. गरम झाल्या तर निकामी, गोठल्या तरी निकामी. म्हणजे कमानी कडक असून चालत नाहीत आणि वीज लहरी असून चालत नाही. लोक ऑफरोडिंगच्या गप्पांत किती इंच उचलली आणि किती लाइट लावले ते सांगतात. मला हवं होतं ते एवढंच, की केळदला पोचल्यावर कंटेनर शाबूत असावं आणि फ्रिजच्या आकड्यावर ५ दिसावं.

गाडी नेली तेव्हा तिची अवस्था अशी. मागची बाजू बसलेली, डावीकडे जास्त. थोड्या खड्ड्यातही मागचा अॅक्सल रबरावर आपटायचा. पुढे उजव्या चाकाकडून खडखड. इंडिकेटर लावला की डिझेलचा काटा त्याच्या तालावर नाचायचा. सकाळी सेल्फ मारताना सगळे दिवे मरगळायचे. आणि फ्रिज, बॅटरी भरलेली असूनही, मधेच ‘व्होल्टेज कमी’ दाखवून बंद पडायचा. आधी एका दुकानात दाखवलं होतं, त्यांनी मागे एकेक पाटा वाढवायचा आणि मोठी बॅटरी टाकायची असं सुचवलं होतं. ते मी केलं नाही.

उस्तादांनी पहिल्या दिवशी गाडीला हातच लावला नाही. म्हणाले, “मॅडम, ही रिकामी गाडी मला दाखवून काय उपयोग? रोजचं सामान भरून आणा, बरोबर जो माणूस असतो त्यालाही आणा.” दुसऱ्या खेपेला मी सगळं भरून गेले: कंटेनर, फ्रिज, औषधांच्या दोन पेट्या, दोरखंड, बैल खच्ची करायचा बर्डिझो चिमटा, पाण्याचा कॅन, स्टेपनी, आणि माझा मदतनीस. आम्ही शेजारच्या वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अॅक्सलवर किती ते कळतं. मग चारही चाकांत सारखी हवा भरून, सपाट फरशीवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून चारही मापं घेतली. मागे डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिलिमीटर खाली, पुढे उजवी १४ मिलिमीटर खाली. ही मापं खडूने शेडच्या खांबावर लिहिली आणि गाडी निघेपर्यंत पुसू दिली नाहीत.

मागच्या कमानी उतरवल्यावर पाटे एकेक करून वेगळे केले. डाव्या बाजूला खालून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकातून चिरलेला होता. पाटा बहुतेक वेळा तिथेच तुटतो, कारण भोकामुळे तिथे लोखंड कमी असतं आणि यू बोल्ट ढिले असले तर सगळी हालचाल तिथेच येते. यू बोल्टने अॅक्सल कमानीला घट्ट आवळून धरायचा असतो. तो आवळ गेला की अॅक्सलचा सगळा जोर त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतो, आणि तो कापला गेला की अॅक्सल मागेपुढे सरकतो, गाडी तिरकी चालायला लागते. माझ्या गाडीत तितकं झालं नव्हतं, पण यू बोल्टच्या नटाखाली गंजाची लाल रेघ दिसत होती. उस्ताद म्हणाले, हीच खूण, इथे हालचाल चालू आहे.

पाट्यांच्या मधे चिखल आणि गंज इतका दाटला होता की पाटे एकमेकांवर सरकतच नव्हते. कमान मऊ चालते ती पाटे सरकतात म्हणून. गंजलेली कमान बसलेलीही असते आणि कडकही असते, दोन्ही बाजूंनी तोटा. त्यांनी प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासून काढला, टोकांची धारदार कड ग्राइंडरने गोल केली, मधे ग्रॅफाइट ग्रीस लावलं. चिरलेला पाटा आणि त्याच्या जोडीचा दुसऱ्या बाजूचा पाटा, दोन्ही नवे नाना पेठेतून मागवले. मी विचारलं, जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा वाक देता येणार नाही का? म्हणाले, “थंड ठोकून वाक देता येतो, पण टिकत नाही. भट्टीत तापवून, पाणी देऊन नीट केलं तरच टिकतो, आणि ते माझ्याकडे होत नाही.” आपल्याकडे काय होत नाही हे इतक्या सरळ सांगणारा कारागीर मला फार दिवसांनी भेटला.

पाटा वाढवायला त्यांनी नकार दिला, आणि आकडे दाखवून दिला. मागच्या अॅक्सलवर आलेलं वजन कमानीच्या कुवतीत बसत होतं. पाटा वाढवला असता तर गाडी उचलली असती, पण रिकाम्या गाडीत आणि अर्ध्या भरलेल्या गाडीत प्रत्येक दणका सरळ वर आला असता. माझं कंटेनर तिथेच गेलं असतं.

बुश बसवतानाची एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकवली जाते. कमानीच्या डोळ्यातले (टोकाच्या वळलेल्या भोकातले) आणि शॅकलचे (कमानीचं टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचे) रबरी बुश बसवले, बोल्ट घातले, पण नट नुसते हाताने लावून ठेवले. गाडी जॅकवरून खाली घेतली, माझं सगळं सामान परत भरायला लावलं, मदतनीसाला मागे बसवलं, गाडी मागेपुढे हलवली, आणि मग स्वतः खाली झोपून पाना लावून नट आवळले. कारण गाडी हवेत असताना कमान लोंबकळलेली असते. तेव्हा नट आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेलं राहतं, मग काही महिन्यांत फाटतं. यू बोल्ट चारही नवेच टाकले. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा आवळायचा नाही हा त्यांचा नियम, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला यायचंच, ते मजुरीत धरलेलं. मी गेले तेव्हा तीन नट खरोखर थोडे फिरले.

शॉकअप, म्हणजे कमानीची उसळी आवरणारे शॉक अॅब्सॉर्बर, मागचे दोन्ही संपले होते. काढून उभे धरून दाबले तर मधे काही अंतर काहीच अडवत नव्हते. नवे गॅसचे बसवले, कंपनीच्या मूळ लांबीचेच. कच्च्या रस्त्यावर बारीक लाटांसारखे जे खड्डे असतात त्यांवर शॉकअप सतत खालीवर होतो, आतलं तेल तापतं, त्यात फेस होतो आणि फेस झालेलं तेल काही अडवत नाही. नायट्रोजनचा दाब असला की फेस फारसा होत नाही. माझ्या कंटेनरातला आणि शॉकअपमधला वायू एकच आहे हे मला त्या दिवशी कळलं. बसवताना उस्तादांनी शॉकअपच्या रॉडवर एक साधा प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बांधला आणि तो तळाशी सरकवून ठेवला. रॉड जितका आत जाईल तितका टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. “केळदला जाऊन या, मग बघू.” परत आल्यावर टाय आणि रॉडचं टोक यांत बोटभर जागा शिल्लक होती. म्हणजे भरलेल्या गाडीतही शॉकअप पूर्ण मिटला नव्हता. अंदाजाने ‘आता बरी वाटते’ म्हणण्यापेक्षा ही बोटभर जागा मला जास्त विश्वासाची वाटली.

पुढच्या टॉर्शन बारबद्दल थोडक्यात. हा बार म्हणजे पीळ देऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. तिच्या टोकाला आवळायचा बोल्ट असतो, तो फिरवला की पुढची बाजू वर येते. फुकट आणि पाच मिनिटांत होतं म्हणून बरेच जण तो गच्च फिरवून गाडी पुढून उंच करतात. बार त्याने कडक किंवा ताकदवान होत नाही, फक्त गाडी वर बसते आणि चाकाला खाली जायला उरलेली जागा संपते. मग खड्ड्यात चाक खाली सुटलं की वरचा आर्म थांब्यावर ठणकन आपटतो, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालतात, त्यांची रबरं फाटतात, टायर आतून किंवा बाहेरून खातो. आमच्याकडे दोन्ही बाजू फक्त मूळ उंचीला आणून सारख्या केल्या, बोल्टच्या आट्यांवर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि मग अलाइनमेंटला पाठवलं. खडखड होती ती उजव्या खालच्या बॉल जॉइंटची, तो बदलला.

मी तिथे असताना एक तरुण मुलगा थार घेऊन आला. त्याला चार इंच उंची, मोठे टायर आणि टपावर लाइटचा बार हवा होता. उस्ताद त्याच्याशी अर्धा तास बोलले, आणि चांगलं बोलले. लांब शॅकल टाकला की गाडी त्याच्या निम्मीच उचलते पण अॅक्सलचं तोंड फिरतं आणि प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. मोठ्या टायरने ब्रेकवरचा भार वाढतो आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो. आणि उंच झालेली गाडी घाटातल्या वळणाला कशी कलते. मग कायद्याचंही सांगितलं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत असं दिलेला निकाल. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते. त्या मुलाला काम नाकारलं, पण त्याच्या गाडीचे यू बोल्ट तपासून, आवळून, पैसे न घेता पाठवलं. मला हे फार आवडलं. हौस वाईट नाही. डोंगरात गाडी चालवायचा आनंद मलाही आहे. पण त्या रस्त्यावर समोरून दूधवाला दुचाकीवर येत असतो, शाळेतली पोरं चालत असतात.

आता काका. काकांचं काम बघत बसणं हा मला त्या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यांनी बॉनेट उघडलं, मल्टिमीटर काढला, आणि एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या मोकळ्या लोखंडावर धरली. मला म्हणाले, सेल्फ मारा. मीटरवर ०.९ व्होल्ट. “हे शून्याच्या जवळ पाहिजे. हे ०.९ कुठे गेलं? अर्थिंगच्या वायरीत गेलं.” थारसारख्या गाडीत इंजिन रबरावर बसलेलं असतं, बॉडी चेसीवर रबरावर बसलेली असते. म्हणजे तीन वेगळे लोखंडी भाग, आणि करंट परत बॅटरीकडे यायला त्यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्याच लागतात. आपल्याकडे लोक पॉझिटिव्ह वायर बघतात, निगेटिव्हकडे कुणी बघत नाही. चार महिने पावसात, चिखलात, ओढ्यात गेलं की त्या पट्टीच्या बोल्टखाली गंज धरतो. मग इंडिकेटरचा करंट नीट वाट मिळाली नाही म्हणून दुसऱ्या वाटेने परत येतो, आणि डिझेलचा काटा नाचतो. करंट जास्त असला तर तो अॅक्सिलरेटरच्या किंवा हँडब्रेकच्या केबलमधूनही वाट काढतो आणि ती केबल तापून जळते.

त्यांनी तिन्ही जोड उघडले. लोखंड चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासलं, दातेरी वॉशर टाकला, नवी जाड वायर, टोकाला दाबून बसवलेलं थिंबल, बोल्ट आवळला, आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन. आधी नाही, नंतर. पुन्हा सेल्फ मारायला लावला: ०.१५. काट्याचा नाच थांबला, सकाळचे दिवे मरगळायचे थांबले. नवी बॅटरी लागलीच नाही.

फ्रिजचं कोडं त्याहून साधं निघालं. आधीच्या एका दुकानातून जोडून घेतलेली वायर, पुढच्या बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत जाऊन-येऊन जवळपास दहा मीटर, आणि जाडी पाऊण चौरस मिलिमीटर. इतक्या बारीक तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीला पाव ओहमच्या आसपास रोध होतो. फ्रिज चालू असताना चार अँपिअर घेतो, म्हणजे एक व्होल्ट वायरीतच संपतो. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दुप्पट करंट ओढतो, तेव्हा दोन व्होल्ट. बॅटरीत १२.६ असतात, फ्रिजला १०.६ दिसतात, आणि तो बिचारा बॅटरी वाचवायची म्हणून स्वतःला बंद करतो. काकांनी हा हिशेब माझ्यासमोर पुठ्ठ्यावर मांडला. मग सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली, निगेटिव्हसुद्धा बॉडीवर न सोडता सरळ मागून पुढे आणली. आता तोच फ्रिज, तेवढाच करंट, आणि वायरीत जातं ०.१२ व्होल्ट. लस वाया जाण्याची जी धास्ती मी प्रत्येक फेरीत बाळगत होते, ती एका वायरीच्या जाडीची होती.

रात्रभर गाडी उभी राहिली तरी फ्रिज चालावा म्हणून दुसरी बॅटरी बसवली. दोन्हींच्या मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारा स्विच: इंजिन चालू होऊन पुढची बॅटरी साधारण १३.३ व्होल्टला गेली की दोन्ही जोडतो, १२.८ च्या खाली आली की तोडतो. त्यामुळे फ्रिजने कितीही खाल्लं तरी सेल्फची बॅटरी शिल्लक राहते. रात्री दोन वाजता डोंगरात अडलेली गाय सोडवून परत निघताना गाडी सुरू होणार की नाही, हा प्रश्न डोक्यात नसणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

हेडलाइटला मी जास्त वॉटचे बल्ब मागितले होते. काकांनी आधी बल्बच्या पिनांवर मीटर लावला. बॅटरीवर १३.६, बल्बवर ११.४. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर साध्या हॅलोजन बल्बचा उजेड तीसेक टक्के पडतो. इथे तर त्याहून जास्त पडलेलं. बॅटरीतून सरळ, फ्यूज लावून, रिलेमधून नवी लाइन दिली. बल्ब तेच, ६०/५५ वॉटचे. उजेड इतका बदलला की समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून दिव्यांचं तोंड भिंतीवर मारून पुन्हा जुळवावं लागलं.

काकांच्या सवयी मी लिहून घेतल्या आहेत. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, त्यापुढे नाही. कारण फ्यूजच्या आधीची वायर घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. जोड पीळ देऊन टेप लावायचा नाही. क्रिंप करायचा, म्हणजे धातूच्या नळीत घालून पकडीने दाबायचा, आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवायची. नुसतं डाक देणंही (सोल्डर करणंही) त्यांना मंजूर नाही, कारण डाकाने वायर कडक होते आणि थरथरीत कडक भागाच्या कडेला तुटते. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. कनेक्टरच्या आधी वायरीला खाली एक झोळ, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून तिथूनच टपकतं, कनेक्टरात शिरत नाही. आणि शेवटी सगळ्या नव्या वायरिंगची आकृती, कोणता फ्यूज किती अँपिअरचा, हे कागदावर काढून, लॅमिनेट करून बॉनेटच्या आत चिकटवली. माझ्या मदतनीसाला ती वाचून फ्यूज बदलता येतो.

सगळं झाल्यावर दोघांनी मिळून जे केलं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मागचं एक चाक मातीच्या उंच ढिगावर चढवलं, दुसरं अधांतरी सोडलं, आणि उस्ताद एका बाजूने, काका दुसऱ्या बाजूने विजेरी घेऊन खाली झोपले. ब्रेकचा रबरी पाइप ताणतोय का, टायर कुठे घासतोय का, डिझेल टाकीकडे जाणारी वायर किती जवळ येते, अॅक्सलच्या हवेच्या नळीला ढील आहे का. मग बाजू बदलून पुन्हा. एका ठिकाणी फ्रिजची नवी वायर कमानीच्या फार जवळ येत होती, ती काकांनी तिथल्या तिथे सोडवून चेसीच्या आतल्या बाजूने घेतली. अॅक्सलची हवेची नळी बुजलेली निघाली. ओढ्यात शिरताना अॅक्सल गरम असतो, पाण्यात एकदम थंड होतो, आतली हवा आकसते. नळी बुजलेली असली की तो ऑइल सीलमधून पाणी ओढतो आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. नळी साफ करून बॉनेटपर्यंत वर आणून दिली. हे कामाच्या यादीत नव्हतं.

बिल हाताने लिहिलेलं, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी. जुने पार्ट गोणीत भरून परत. शॉकअप आणि दुसरी बॅटरी धरून एकूण चाळीस हजारांच्या थोडं आत आलं. स्वस्त नाही, पण प्रत्येक ओळ काय आहे ते मला कळत होतं.

जे कमी आहे तेही लिहिते. वेळ लागतो, आणि किती लागेल ते नीट सांगत नाहीत. माझी गाडी ठरल्यापेक्षा बरीच जास्त राहिली आणि तेवढे दिवस मला भाड्याची गाडी घ्यावी लागली. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याच्यासाठी ही मोठी अडचण आहे, आणि त्यांनी निदान रोज एक फोन करायला हवा होता. बसायला जागा नाही, बाईमाणसाला स्वच्छतागृहाची सोय नाही; महामार्गावरच्या हॉटेलात जावं लागतं. फोन दुपारी उचलत नाहीत. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांचं काम ते करतात, पण माझ्या मते त्यांचा हात कमानीवर जास्त बसलेला आहे. नव्या गाड्यांतल्या कॉम्प्युटरच्या वायरिंगला काका हात लावत नाहीत, आणि तसं आधीच सांगतात.

तेव्हापासून एक पूर्ण पावसाळा गेला. मढे घाटाकडचा रस्ता, पासलीच्या पुढचा चिखल, सगळं झालं. कंटेनरमधला नायट्रोजन आता ज्या हिशेबाने उतरायला हवा त्याच हिशेबाने उतरतो. पावसाळ्यापूर्वीच्या घटसर्प आणि फऱ्याच्या लसीकरणात फ्रिज एकदाही बंद पडला नाही. मागची मापं परवा पुन्हा घेतली, दोन्ही बाजूंत ३ मिलिमीटरचा फरक आहे. दिवाळीनंतर पाटे पुन्हा उघडून ग्रीस करायला बोलावलंय, आणि तेव्हा पुढचे शॉकअपही बघायचे आहेत.

जायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा. मे महिन्यात पावसाळ्याआधीची कामं घेऊन जीप आणि पिकअपवाल्यांची रांग लागते. जाताना गाडी धुऊन न्या, खालून सुद्धा, नाहीतर पहिला अर्धा दिवस चिखल काढण्यात जातो आणि त्याची मजुरी लागते. आणि रोजचं सामान भरूनच न्या.